सेमिनारमध्ये वाचलेला एक निबंध

आपली मुले वर्गात बहुधा ऐकण्याचेच काम करतात. सरांनी सांगावे, मुलांनी वहीत उतरवून घ्यावे आणि परीक्षेत तेच परत लिहून द्यावे, ही आपल्याकडील रूढ रीत. स्वतः काही शोधून काढावे, ते चारचौघांसमोर मांडावे आणि त्यावर होणारी टीका शांतपणे ऐकावी, असा प्रसंग विद्यार्थ्याच्या वाट्याला क्वचितच येतो. म्हणूनच एका विद्यार्थ्याच्या आयुष्यातील अशा प्रसंगाची हकीकत येथे देत आहे.

तो दिवस होता ९ मे १९१६ आणि स्थळ न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. मानववंशशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये एका भारतीय विद्यार्थ्याने निबंध वाचला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. नुकतीच त्याला पंचवीस वर्षे पूर्ण झाली होती.

सेमिनार म्हणजे व्याख्यान नव्हे. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांत रुजली आणि तेथून अमेरिकेत गेली. तिच्यात विद्यार्थी आपले संशोधन वाचतो आणि प्राध्यापक व सहाध्यायी त्याची पारख करतात. पुरावा कोठे आहे, हे अनुमान कशावरून काढले, असे प्रश्न तेथे मोकळेपणाने विचारले जातात.

आंबेडकर तेथपर्यंत सहजासहजी पोहोचले नव्हते. अस्पृश्य मानलेल्या समाजात जन्म, शाळेत सोसावी लागलेली अवहेलना, १९१३ च्या फेब्रुवारीत वडिलांचे निधन, असा तो मार्ग होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, म्हणून त्याच वर्षी ते अमेरिकेला जाऊ शकले. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. तरी या सेमिनारसाठी त्यांनी विषय निवडला तो भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास.

ज्या विषयाने स्वतःला चटके दिले, त्यावर बोलताना माणसाचा तोल सुटणे स्वाभाविक असते. या निबंधात तसे झालेले दिसत नाही. आंबेडकर प्रथम सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चार अभ्यासकांच्या व्याख्या घेतात व एकेक तपासतात. यांतील श्रीधर व्यंकटेश केतकर हे आपल्या महाराष्ट्राचेच, पुढे ज्ञानकोशकार म्हणून प्रसिद्ध झालेले. आंतरविवाहाला बंदी आणि जन्माने मिळणारे सदस्यत्व ही जातीची दोन लक्षणे केतकरांनी सांगितली होती. आंबेडकर म्हणतात, ही दोन नव्हेत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न करणे बंद केले की सदस्यत्व आपोआप जन्मावर येऊन ठेपते. मोठ्या विद्वानाचा मान राखूनही त्याच्याशी मतभेद कसा दाखवावा, याचा हा नमुनाच होय.

मग ते आपला सिद्धांत मांडतात. जातीचे मर्म जातीतल्या जातीत विवाह करण्यात आहे. हे कुंपण टिकवायचे तर गटातील स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे. परंतु पती मेला की विधवा उरते, पत्नी मेली की विधुर उरतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चालींचा उगम ते या अडचणीत शोधतात. प्रथम एका वर्गाने आपली दारे लावून घेतली, इतरांनी त्याचे अनुकरण केले, तर काहींना दारे बंदच आढळली, असा जातींच्या प्रसाराचा उलगडा ते करतात. मनूसारख्या एकट्या पुरुषाने एवढी मोठी व्यवस्था समाजावर लादली असेल, हे मत ते स्वीकारीत नाहीत.

शेवटी ते काय म्हणतात, ते विद्यार्थी मित्रांनी विशेष ध्यानात घ्यावे. शास्त्राच्या प्रांतात भावनेला थारा नसावा आणि आपला सिद्धांत टिकणारा नाही असे कोणी दाखवून दिले तर आपण तो तितक्याच तयारीने सोडून देऊ, असे ते सांगतात. हे धैर्य टीकेला भिऊन गप्प बसणाऱ्याला साधत नाही आणि आपलेच खरे म्हणणाऱ्यालाही साधत नाही.

मे १९१७ मध्ये हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून आंबेडकरांना मायदेशी परतावे लागले. त्यांचे सामान व पुस्तके ज्या बोटीवर होती, ती महायुद्धात पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. पेटीतले गेले, पण जे लोकांपुढे वाचले गेले आणि छापले गेले, ते टिकले. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये त्यांच्या लेखनाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यात आरंभीच हा निबंध आहे.

पालकांना एवढीच विनंती की, मुलाने किंवा मुलीने घरी “असे का?” असे विचारले तर त्यांना गप्प करू नका. आणि विद्यार्थी मित्रहो, वर्गात पाच मिनिटे बोलायची संधी आली तर मागच्या बाकावर दडू नका. आपल्या गावाचा, मोहल्ल्याचा, घरच्या धंद्याचा इतिहास शोधा, लिहून काढा आणि चारचौघांत वाचून दाखवा. कोणी चूक दाखविली तर तिचा राग मानू नका. ती दुरुस्त करून पुन्हा उभे राहा.