द्राक्षांच्या पेटीतला तो कागद

गेल्या आठवड्यात इथल्या देशी दुकानातून नाशिकच्या द्राक्षांची अख्खी पेटी आणली. उघडली तर वर एक पांढरा कागद, त्यात चपटे कप्पे, कप्प्यांत पूड, आणि विझलेल्या फटाक्यासारखा वास. धाकट्याला दमा आहे, त्यामुळे हात तिथेच थांबला. कागद कशाचा ते शोधायला बसले आणि दोन रात्री त्यातच गेल्या.

आंबा, केळं घरात पिकतं, द्राक्ष नाही. घड कापला की गोडी तिथेच थांबते. आम्हा सीए लोकांच्या भाषेत, खात्यात जमा बंद, पुढे फक्त खर्च. पहिला खर्च पाण्याचा: देठ वाळतो, तपकिरी होतो, मणी गळतात. दुसरा बुरशीचा. करडी बुरशी शून्य अंशालाही हळूहळू वाढते, म्हणून नुसत्या थंडीने भागत नाही.

अफगाणिस्तानात यावर जुना उपाय आहे, कंगीना. चिखलात काड कालवून दोन वाडगे थापायचे, उन्हात वाळवायचे, जाड सालीची उशिराची द्राक्षं आत ठेवून तोंडाला तोंड लावून लिंपायचे. हवा कोंडते, फळाचा श्वास मंदावतो. हिवाळ्याआधी ठेवलेली द्राक्षं नवरोजला, म्हणजे मार्चमध्ये, मडकं फोडून खातात. फ्रान्समधल्या तोमरी गावात एकोणिसाव्या शतकात घड काडीसकट कापून ती काडी पाणी आणि कोळसा घातलेल्या बाटलीत खोचत. अंधाऱ्या खोल्यांत अशा बाटल्यांच्या रांगा! एका घडामागची मजुरी मोजली तर हा श्रीमंतांच्याच ताटातला माल.

आपल्या कागदाची गोष्ट मात्र कॅलिफोर्नियातली. तिथली द्राक्षं रेल्वेने पार अमेरिकेच्या पूर्व टोकाला जायची. पिंपांना गंधकाची धुरी देणं वाइनवाल्यांना पूर्वीपासून माहीत होतं. विंकलर आणि जेकब या संशोधकांनी 1920 च्या दशकात हाच वायू, सल्फर डायऑक्साइड, ताज्या द्राक्षांना मोजून देऊन पाहिला. सगळी मेख त्या 'मोजून'मध्ये आहे. कमी पडला तर बुरशी, जास्त झाला तर देठाजवळ मणी पांढरे पडतात आणि चव जाते. पुढे तोच वायू कागदात बसला. पूड सोडियम मेटाबायसल्फाइटची. पेटीतला ओलावा लागला की वायू सुटतो, आधी पटकन, मग आठवडे थोडा थोडा.

आणि दमा? अमेरिकेत सल्फाइटमुळे दमेकऱ्यांना जीवघेणे त्रास झाले, तेव्हा 1986 मध्ये कच्च्या भाज्या-फळांवर ते वापरायला बंदी आली. द्राक्षांसाठी वेगळा नियम झाला: अंश किलोमागे 10 मिलिग्रॅमच्या आत हवा. ब्रिटन-युरोपात त्यापेक्षा जास्त सल्फाइट असेल तर लेबलवर लिहावंच लागतं.

आपल्याकडे 1991 मध्ये द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स उभी केली, तेव्हा प्री-कूलिंग, शीतगृह आणि हा कागद असं सगळं एका साखळीत बसवावं लागलं. काढलेला घड काही तासांत थंड झाला नाही तर पुढचं काहीच उपयोगाचं नाही. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली. म्हणजे दीड-दोन आठवडे जास्त, आणि तेवढा भार त्याच कागदावर. शेतकऱ्याच्या वर्षाचा ताळेबंद त्या पुडीवर टेकलेला!

डॉक्टरांना विचारलं. धाकट्याला आधी दोन-तीन मणीच देऊन बघा, पंप जवळ ठेवा म्हणाले. ज्यांच्या मुलांना दमा आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारा, माझ्या पोस्टवर जाऊ नका. बाकी मी पेटी खिडकीशी उघडते, कागद मुलांच्या हाती न देता टाकते, आणि घड खायच्या वेळीच धुते, कारण ओली द्राक्षं फ्रिजमध्ये लवकर सडतात. यंदाच्या पेटीतले देठ अजून हिरवे होते. धाकट्याने दोन मणी खाल्ले, अर्धा तास माझ्याकडे बघत बसला आणि मग वाटी पुढे केली.