विश्रांतीकडून चालण्याकडे : दोन खुब्यांची गोष्ट

आजचा विषय थोडा वेगळा आहे. राजे नाहीत, लढाया नाहीत. आज आपण बोलणार आहोत खुब्याबद्दल, म्हणजे शाळेच्या पुस्तकात ज्याला 'उखळीचा सांधा' म्हणायचे त्याबद्दल. कारण सांगून टाकतो. माझे दोन्ही खुबे झिजले आहेत आणि पुढच्या महिन्यात दोन्ही एकाच दिवशी बदलायचे ठरले आहे. तारीख ठरल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण एकच सल्ला देतो : "आता तीन महिने पडून राहा, भरपूर विश्रांती घ्या." रुग्णालयातून मात्र सांगितले आहे की बहुधा दुसऱ्याच दिवशी उभे करतील. मी इतिहासाचा विद्यार्थी. दोन शहाणी माणसे उलट बोलू लागली की मी जुनी पुस्तके उघडतो. तेव्हा हा 'विश्रांती' नावाचा उपाय आला कुठून, ते आधी पाहू.

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलमध्ये ह्यू ओवेन थॉमस नावाचे डॉक्टर होते. घराणे वेल्समधल्या हाडवैद्यांचे. १८७५ मध्ये त्यांनी खुबा, गुडघा आणि घोटा यांच्या आजारांवर पुस्तक लिहिले. दुखरा सांधा पूर्णपणे आणि दीर्घकाळ स्थिर ठेवा, हा त्यांचा सिद्धांत. त्यांच्या नावाची खपाची, म्हणजे थॉमस स्प्लिंट, आजही वापरात आहे. यात चूक काही नव्हते. तेव्हा खुब्याचा मोठा शत्रू होता क्षय. प्रतिजैविके नव्हती. सांधा हलवला की आजार भडकायचा. म्हणून विश्रांती हेच औषध होते आणि ते औषध महिनोन् महिने घ्यावे लागे.

त्याच काळात बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक या शल्यविशारदाने उलट दिशेने विचार केला. सांधा दुखतो ना, मग नवा बसवू. १८९० च्या सुमारास त्याने हस्तिदंताचे सांधे बनवून बसवले. पण बरेच रुग्ण क्षयाचे होते, जंतुसंसर्ग झाला आणि प्रयोग फसला. कल्पना मात्र मेली नाही.

ती पुरी झाली इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात, राइटिंग्टन या गावी. तिथले रुग्णालय पूर्वी क्षयरोग्यांचे होते. तिथे जॉन चार्नली यांनी मांडीच्या हाडात धातूचा छोटा गोळा आणि कमरेच्या बाजूला प्लास्टिकची वाटी बसवायला सुरुवात केली. पहिली वाटी टेफ्लॉनची होती. सुमारे तीनशे रुग्णांना ती बसवली आणि दोन-तीन वर्षांत ती झिजू लागली. झिजलेल्या कणांनी आतले हाड खाल्ले. चार्नली यांनी तो पदार्थ स्वतःच्या मांडीत टोचून घेतला. काही महिन्यांनी तिथे गाठी हाताला लागू लागल्या, तेव्हा टेफ्लॉन का फसले हे त्यांनी छापून सांगितले. पुढचा उपाय सापडला तो त्यांचे कारागीर हॅरी क्रेव्हन यांच्यामुळे. यंत्रांच्या दात्यांसाठी वापरायचे एक टणक पॉलिथिलीन एक विक्रेता घेऊन आला होता. चार्नली यांनी ते बाजूला सारले. ते परदेशी गेले असताना क्रेव्हन यांनी ते घासण्याच्या यंत्रावर लावून ठेवले. ते जवळजवळ झिजलेच नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्या प्लास्टिकची पहिली वाटी रुग्णाला बसली. आजच्या खुब्यांची वंशावळ तिथून सुरू होते. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांमध्ये मुंबईचे डॉ. के. टी. ढोलकिया यांचे नाव पहिल्या फळीत येते.

आता दोन खुब्यांकडे येतो. चार्नली यांनी रुग्णांचे तीन गट केले होते. अ गट : एकच खुबा बिघडलेला. ब गट : दोन्ही खुबे बिघडलेले. क गट : खुब्याखेरीज चालणे अडवणारे दुसरे काही असलेले. गट साधे दिसतात, पण त्यामागे मोठे निरीक्षण आहे. ब गटातल्या माणसाचा एकच खुबा उत्तम बसवला तरी तो नीट चालत नाही, कारण दुसरा त्याला मागे ओढतो. १९७१ मध्ये जाफे आणि चार्नली यांनी दोन्ही खुबे एकाच वेळी बदललेल्या पन्नास रुग्णांचा अहवाल छापला. म्हणजे माझ्या बाबतीत जे घडणार आहे ते काही नवे धाडस नाही. पन्नास वर्षांहून जुनी वाट आहे.

तरीही सगळे याच वाटेने जात नाहीत. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईत त्यांचे गुडघे बदलले, आठवत असेल. डावा ऑक्टोबर २००० मध्ये, उजवा जून २००१ मध्ये. सांधा वेगळा, पण प्रश्न तोच : एकदम की पाठोपाठ? एकदम केले तर भूल एकदाच, रुग्णालयवास एकदाच. पण रक्तस्राव जास्त आणि हृदय-फुप्फुसांवर ताणही जास्त. म्हणून हृदय, रक्त, साखर सगळे तपासून मगच होकार मिळतो. इथे इतिहासातला एक योगायोग सांगतो. ज्या १९६२ साली ती वाटी बसली, त्याच साली जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडवरचे संशोधन प्रसिद्ध केले. रक्ताची गुठळी लवकर विरघळू न देणारे हे औषध आज अशा शस्त्रक्रियांत रक्त वाचवण्यासाठी सर्रास वापरतात.

मग विश्रांती गेली कुठे? तिला पहिला धक्का दिला दुसऱ्या महायुद्धाने. खाटा कमी, जखमी जास्त. लवकर उठवलेले रुग्ण बिघडत नाहीत, उलट सुधारतात, हे डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागले. १९४७ मध्ये लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशर यांनी अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला. पायात रक्ताच्या गुठळ्या, छातीत कफ, पाठीला जखमा, स्नायूंचा ऱ्हास, अशी यादीच त्यांनी दिली. तरी सवय लगेच सुटली नाही. खुबा बदललेला रुग्ण पुढे कित्येक वर्षे दोन-तीन आठवडे रुग्णालयात असे. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी प्रश्नच उलटा केला. रुग्ण घरी कधी जाईल असे न विचारता, तो आज इथे का अडकला आहे, हे शोधायचे. वेदना? मळमळ? अशक्तपणा? की घरी सोय नाही? एकेक अडसर काढत गेले तसा मुक्काम काही दिवसांवर आला.

मंडळी, माझ्या मते या इतिहासाचे सार इथे आहे. आठवडे कमी झाले म्हणजे काम कमी झाले नाही. रुग्णालयाने जे काम सोडले ते घराकडे आले. आणि ते शस्त्रक्रियेनंतर नाही, आधी करावे लागते. एका खुब्याच्या रुग्णाला जिन्याचा नियम शिकवतात : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. माझ्याकडे चांगला पाय कोणता? दोन्ही ताजे शिवलेले. ज्या पायावर इतर रुग्ण भार टाकतात, तो पाय मला नाही. त्या पायाची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढायची, हीच माझी तयारी.

ती अशी. उठताना भार हातांवर येणार, म्हणून दंड आणि खांद्यांचे व्यायाम आत्तापासून सुरू. हिमोग्लोबिन आणि साखर ताळ्यावर आणणे. दाताची कीड, लघवीचा संसर्ग, पायावरची जखम आधी बरी करणे, कारण तिथले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतात. तंबाखू असेल तर बंद, कारण जखम उशिरा भरते. आणि मग घर. आपले घर जमिनीलगतचे : पाट, चटई, मांडी, उकिडवे बसणे, खाली बसायचा संडास. नवा गोळा वाटीतून निसटू नये म्हणून सुरुवातीला अनेकांना कंबर काटकोनापेक्षा जास्त वाकवू नका, पायावर पाय टाकू नका, असे सांगतात. नियम किती दिवस आणि किती कडक, हे शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर ठरते, ते आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. पण पलंगाची उंची, उंच कमोड, हात टेकायला दांडे असलेली खुर्ची, न्हाणीघरात धरायला दांडा, वॉकरच्या वाटेतले पायपुसणे उचलणे, हे सगळे आपण वाकू शकतो तोवरच करायचे.

शेवटची तयारी माणसांची. आपली मुले-सुना-जावई इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळुरू असे पांगलेले. 'आम्ही आहोत ना' हे प्रेम झाले, पण वॉकर धरून रात्री दोन वाजता संडासापर्यंत कोण नेणार, त्याचे नाव लागते. आमच्या घरी भिंतीवर कागद लावला आहे. दिवस, रात्र आणि नाव. पहिले दोन आठवडे भरले आहेत, तिसऱ्यातले चार दिवस अजून कोरे आहेत.

तुमच्यापैकी कोणाकडे अशी तारीख ठरली असेल, तर आधी हा कागद करा. फळे घेऊन भेटायला येणारे पुष्कळ असतात. त्यांतल्याच एकाला एक रात्र मागून घ्या. भेटू पुढच्या भागात.