जागा आणि आपलेपण

गोवा विद्यापीठाची स्थापना १९८५ची. आज नव्या काबिजादीतल्या पेडण्यात विर्नोड्याला आणि डिचोली तालुक्यात साखळीला सरकारी महाविद्यालये आहेत. गावातले मूल घरून ये-जा करून पदवी घेते.

स्वमग्न मुलाची वाट मात्र लांबली. लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांविषयी १९४३ साली लिहिले. आपल्या १९९५च्या अपंग कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली; पण त्याचा भर सांभाळावर आणि पालकत्वावर होता. २०१६च्या कायद्याने २१ प्रकारांत तिची गणना केली आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखल्या.

कायद्याने जागा मिळते, आपलेपण नाही. ‘स्वमग्न’ हा शब्दच दिशाभूल करतो. तो ऐकून वाटते, याला माणसे नकोत. पुष्कळदा त्याला नको असतो तो गलका, ऐनवेळी बदललेला वर्ग आणि आडवळणाने दिलेली सूचना. सूचना लिहून द्यावी, बदल आदल्या दिवशी सांगावा, ग्रंथालयात शांत कोपरा ठेवावा. मधल्या सुटीत त्याच्या आवडीच्या विषयावर त्याच्याशी बोलणारा एखादा सोबती असावा.

‘तो जरा वेगळाच’ म्हणून माजघरातच आयुष्य काढलेला एखादा काका आपल्यापैकी अनेकांना आठवेल. त्याच घरांतली मुले आता महाविद्यालयात जातात. तिथेही त्यांच्या वाट्याला माजघर येऊ नये.