बंगळूरचा मराठी इतिहास कोणत्या कपाटात?

सालाबादप्रमाणे यंदाही गणरायाचे आगमन झाले आहे. आरास, आरत्या, मुलांच्या स्पर्धा, महाप्रसाद, सारे यथासांग होईल. आणि दरवर्षीप्रमाणे प्रसादाच्या रांगेत ऑफिसातले एखादे कानडी सहकारी विचारतील, "तुम्ही मराठी लोक बंगळूरला कधी आलात?" कोणी सांगेल, "बदली झाली तेव्हा, १९८५ साली." दुसरा अभिमानाने म्हणेल, "अहो, शहाजीराजे १६३८ मध्येच आले होते!" दोन्ही उत्तरे खरी आहेत. पण दुसऱ्या उत्तरावर "कशावरून?" असे कोणी विचारले, की आपण एकमेकांकडे पाहतो. एके वर्षी माझीही तशीच गत झाली. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, तेव्हा ग्रंथालयाच्या पायऱ्या चढलो. त्यातून जे हाती लागले, ते मंडळींपुढे ठेवतो.

पहिले उत्तर मिळाले 'शिवभारता'त. कवींद्र परमानंदांनी शिवाजी महाराजांच्या काळात रचलेले हे संस्कृत काव्य. विजापूरचा सरदार रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांची कर्नाटकावरील स्वारी, केंपेगौडाकडून बंगळूर घेणे, शहाजीराजांचे येथील वास्तव्य आणि पुढे बाल शिवाजीची येथून पुण्याकडे रवानगी, असे सारे त्यात आले आहे. गंमत अशी, की हा ग्रंथ बंगळुरात सापडला नाही आणि पुण्यातही नाही. त्याची हस्तलिखित प्रत मिळाली तामिळनाडूतील तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात. स. म. दिवेकरांनी तो संपादित केला आणि १९२७ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केला.

दुसरा ग्रंथ 'राधामाधवविलासचंपू'. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीची ही रचना इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह छापली. संस्कृत तर त्यात आहेच, पण इतर अनेक भाषांतले काव्यही आहे. ज्या दरबारात इतक्या भाषा ऐकून घेतल्या जात, तो दरबार आपल्या या शहरात भरत होता, हे वाचून मन भरून आले.

मात्र कवी राजाची स्तुती करणारच. दगडावर काही पुरावा आहे का? त्यासाठी तिसऱ्या कपाटाकडे जावे लागले. बेंजामिन लुईस राइस हे १८३७ साली बंगळुरातच जन्मलेले इंग्रज गृहस्थ. त्यांनी म्हैसूर संस्थानातील सुमारे ९००० शिलालेख जमवून 'एपिग्राफिया कर्नाटिका' या १२ खंडांच्या मालिकेत छापले. बंगळूर जिल्ह्याचा खंड १९०५ चा. मल्लेश्वरममधल्या काडू मल्लेश्वर देवळाचा १६६९ चा शिलालेख आपल्या दृष्टीने फार मोलाचा. शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे यांनी देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याची त्यात नोंद आहे. तो लेख कोणत्या भाषेत असावा? कन्नडमध्ये! मराठा राजाने कानडी मुलुखात दान दिले ते रयतेच्या भाषेत कोरून. आपण या देवळात कितीदा गेलो असू, पण त्या दगडापाशी कितीजण थांबलो?

पुढे १६७५ च्या सुमारास एकोजीराजांनी तंजावर घेतले आणि तेथेच गादी स्थापली. १६८७ साली मोगलांनी बंगळूर घेतले व ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. तंजावरला सरफोजीराजे दुसरे (१७९८ ते १८३२) यांनी सरस्वती महाल ग्रंथालय भरभराटीस आणले. तेथे मराठी हस्तलिखितेच तीन हजारांहून अधिक आहेत. त्यांनीच १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. पण शहाजीराजे वारले १६६४ साली, म्हणजे हा मजकूर जवळजवळ १४० वर्षांनंतरचा. म्हणून अभ्यासक तो इतर कागदांशी ताडून पाहतात. इतिहासात अभिमान असावा, पण तपासणी आधी.

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली. आपला इतिहास एका भाषेच्या कपाटात मावत नाही. संस्कृत काव्य, कन्नड शिलालेख, इंग्रज संपादक, तामिळ मुलखातले ग्रंथालय आणि पुण्याचे मराठी संशोधक, इतक्यांनी जपले म्हणून 'कशावरून?' या प्रश्नाला आज उत्तर आहे. यातले एक कपाट जरी कोणी रिकामे केले असते, तरी तेवढे पान कायमचे गळाले असते.

इथे एक कबुली द्यायला हवी. वडिलांनी जपलेले डॉ. केतकरांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे काही खंड मी घर बदलताना रद्दीत घातले. 'इथे कोण वाचणार?' असे तेव्हा वाटले. आज विश्वकोशही संगणकावर उघडतो, माहिती अडत नाही. पण समासात वडिलांच्या हातच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्या आता कुठे शोधू?

आपल्या घराघरांत अशी पुस्तके आहेत. मुले परदेशी किंवा मराठी न वाचणारी, घर लहान, हे मला समजते. तरी एक विनंती आहे. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी पुस्तकांची नावे, लेखक व साल एका वहीत उतरवा आणि ती यादी मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवा. कोणाला ना कोणाला त्यातले एखादे पुस्तक हवे असेल. मुलांना एका रविवारी काडू मल्लेश्वरला न्या. आणि शिलालेख वाचून दाखवायला त्या कानडी सहकाऱ्यांनाच बरोबर बोलवा. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच भाषेत कोरलेले आहे.

व्यासांचे महाभारत लिहून घेणारा आपला गणपती हा मुळातच लेखनिक. त्याच्या उत्सवात अक्षरांची एवढी काळजी आपण घेऊ या.

गणपती बाप्पा मोरया!