पेडण्यातील लग्न आणि वाड्याचा हातभार

पेडणे महालातील लग्नाची सुरुवात घरात नव्हे, देवळात होते. सोयरीक जुळत आली की अनेक कुटुंबे ग्रामदेवतेचा कौल घेतात. पत्रिका छापून आल्या की पहिली विडा-नारळासह देवापुढे ठेवायची. पेडणे गावात श्रीभगवती आणि रवळनाथ, मोरजीत मोरजाई. त्यानंतर वाड्यावर बोलावणी. ‘चूलबंद’ सांगितले की त्या घरची चूल त्या दिवशी पेटायची नाही, लहानथोर सगळे लग्नघरी जेवणार.

1788 मध्ये पेडणे पोर्तुगिजांकडे गेले, त्याआधी ते सावंतवाडीकर भोसल्यांचे. सोयरिकी मात्र हद्द बघून झाल्या नाहीत. बांदा, शिरोडा, वेंगुर्ले येथे आमच्या लेकी पिढ्यान्‌पिढ्या दिल्या गेल्या. 1955 च्या सत्याग्रहानंतर ये-जा तुटली आणि पलीकडे दिलेल्या लेकींना माहेरच्या लग्नाला येणे गोवा मुक्त होईपर्यंत दुरापास्त झाले.

मांडव घालणे हे वाड्याचे काम. पोफळीचे खांब, वर माडाची विणलेली चुडते, खाली शेणाने सारवलेली जमीन. एकाने खांब द्यायचे, दुसऱ्याने लाकूडफाटा, कोणी नारळ, कोणी परसातली भाजी. आदल्या रात्री बायका आदोळ्या मांडून बसत, शेकड्याने नारळ किसले जात आणि त्यातच ओव्या चालत. खतखते, मुगागाठी, वडे, मणगणे असा बेत. वाढायला वाड्यावरचीच मुले. ज्या घरी कर्ता पुरुष नाही, त्या घरचे लग्न वाडा अंगावर घेई आणि त्याचा गवगवा होत नसे. व्हकलीच्या आईला फक्त हळदी-चुड्याचे बघावे लागे.

जुन्या एकोप्याचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवू नये. राबायला सगळ्या जातींचे हात चालत, पंगतीला मात्र पान वेगळे पडे. ते गेले हे बरेच झाले.

आहेराची वही हा या व्यवस्थेचा कणा. कोणी किती पैसे, किती तांदूळ, किती नारळ दिले याची नोंद त्यात असे आणि त्या घरी कार्य निघाले की वही उघडून तेवढे किंवा थोडे अधिक परत जाई. आम्ही उभी हयात बँकेत घालवली. व्याज नाही, तारण नाही, मुदत नाही, वसुलीची नोटीस नाही, आणि तरी बुडीत खाते क्वचित, असा कर्जव्यवहार आम्हाला दुसरा ठाऊक नाही.

मुंबईस्थित सभासदांसाठी एक व्यावहारिक सूचना. गोव्यात कायद्याने लग्न होते ते सिव्हिल रजिस्ट्रारपुढे. आधी इराद्याची नोंद, मग नोटीस, आणि त्यानंतर साक्षीदारांसह दुसरी सही. केवळ अक्षता पडल्या म्हणजे झाले, असे समजू नये. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. पोर्तुगीज काळापासूनचा हा कायदा बाहेरून सून किंवा जावई आणणाऱ्या घरांना माहीत असायलाच हवा.

आता हॉल आणि केटरर आले. मांद्रे, मोरजी, हरमलच्या किनाऱ्यावर परराज्यांतली लग्ने होतात, मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून तर पाहुणे थेट पेडण्यातच उतरतात. आमची मुले तिथे वाढप्याचे काम करतात, रोजावर. घरच्या लग्नात मात्र वाडा पाकीट घेऊन येतो, रांगेत उभा राहतो, जेवून जातो. सोय झाली यात शंका नाही, बायकांची पाठ मोडायची थांबली. पण पूर्वी चाळीस घरांत वाटला जाणारा खर्च आता एका घरावर येतो. लग्नासाठी कर्ज काढायला आलेले बाप आम्ही टेबलाच्या अलीकडून पाहिले आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांच्या वाडवडिलांनी मुलींची लग्ने एक पैसाही न उचलता केली होती.

काही वाड्यांवर आजही मोठी भांडी सामाईक आहेत आणि मांडवाच्या दिवशी तरुण जमतात. ते टिकवायचे तर हॉलच्या लग्नातही निदान हळदीचे जेवण घरच्या अंगणात, वाड्याच्या हातचे, असे ठरवता येईल. आणि सभासदांपैकी कोणाच्या माळ्यावर जुन्या आहेराच्या वह्या असतील तर त्या रद्दीत घालू नयेत. मंडळाकडे आणून द्याव्यात, छायाप्रत काढून मूळ वही परत केली जाईल.