कोंबडीच्या दाण्यात शिरलेले औषध

१/ डिसेंबर १९४८. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, पर्ल रिव्हर येथील लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स हे संशोधक कोंबडीच्या पिल्लांची वजने घेत होते. त्या आकड्यांनी पुढे पशुपालनाचा इतिहास पालटला.

२/ निव्वळ वनस्पतिजन्य खाद्यावर पिल्ले नीट वाढत नसत; त्यांना बी-१२ जीवनसत्त्व लागे. ज्यूक्स आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट स्टोकस्टॅड त्याचा स्वस्त स्रोत शोधत होते.

३/ ऑरिओमायसिन हे नवे प्रतिजैविक याच कंपनीत तयार होई. ते काढून घेतल्यावर उरणारा चोथा त्यांनी पिल्लांना चारला. ही पिल्ले नुसते बी-१२ दिलेल्या पिल्लांपेक्षाही जोमाने वाढली! कारण एकच: चोथ्यात उरलेला औषधाचा अंश.

४/ १९५० मध्ये हा शोध जाहीर झाला. १९५१ पासून अमेरिकेत पशुखाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास चिठ्ठीविना मुभा मिळाली. दाटीवाटीने ठेवलेली जनावरे कमी आजारी पडू लागली, खाद्याचा खर्च घटला. आजाऱ्याचे औषध निरोगी जनावराचे रोजचे अन्न झाले.

५/ मेख होती ती अल्प मात्रेत. अशा मात्रेने दुबळे जंतू मरतात. औषधाला न जुमानणारे तगतात आणि फोफावतात. अपुऱ्या मात्रेचा हा धोका अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगितला होता.

६/ १९६९ मध्ये ब्रिटनच्या स्वान समितीने शिफारस केली, की पेनिसिलिन व टेट्रासायक्लिन यांसारखी माणसाच्या उपचारातील औषधे केवळ वाढीसाठी जनावरांना चारू नयेत.

७/ पुरावा हवा होता? अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांनी एका शेतावर कोंबड्यांना टेट्रासायक्लिनयुक्त दाणा दिला. आठवड्याभरातच कोंबड्यांच्या आतड्यांतील बहुतेक कोलिफॉर्म जंतू प्रतिरोधी झाले. पाच-सहा महिन्यांत तसे जंतू शेतावर राहणाऱ्या माणसांतही मोठ्या प्रमाणात आढळू लागले. हे निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले.

८/ तरीही पावले सावकाश पडली. वाढीसाठीच्या वापरावर स्वीडनने १९८६ मध्ये, तर युरोपीय संघाने २००६ मध्ये पूर्ण बंदी घातली. अमेरिकेत मानवी उपचारांत महत्त्वाच्या असलेल्या औषधांचा असा वापर २०१७ मध्ये थांबला. भारताने २०१९ मध्ये, अखेरच्या उपायांपैकी एक मानले जाणारे कोलिस्टिन पशुपालनातून हद्दपार केले.

९/ आजारी जनावराला औषध देणे हा पशुपालकाचा धर्मच. परंतु निरोगी जनावराला रोज चिमूटभर चारलेल्या औषधाची किंमत दुसऱ्याच कोण्या रुग्णाला मोजावी लागते. इशारा आणि कृती यांमधील अर्धशतकाहून मोठे हे अंतर, हाच या इतिहासाचा धडा.