शटर बंद, दुकान चालू

रात्रीचे साडेदहा वाजलेत. साल १९९३. कॅलेंडरवर वसंत ऋतू लागलाय, पण न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरची थंडी अजून हटलेली नाही. तुम्ही लिओनार्डो नावाच्या लहानशा गावात, लेनर्ड अव्हेन्यूवर उभे आहात. जवळच खाडी आहे, खाडीत लांबवर गेलेला नौदलाचा धक्का आहे आणि पलीकडे न्यूयॉर्क. तुमच्यासमोर एकाला एक लागून दोन दुकानं आहेत. एक ‘क्विक स्टॉप ग्रोसरीज’, दूध, अंडी, सिगारेटी, वर्तमानपत्रं विकणारं. दुसरं ‘आरएसटी व्हिडिओ’, कॅसेटी भाड्याने देणारं.

शेवटचं गिऱ्हाईक बाहेर पडलं. काउंटरमागचा दाढीवाला, अंगाने भरलेला तरुण दिवसाचा हिशेब आवरतोय. हा केविन स्मिथ, वय २२. दिवसभर त्याने इथे सिगारेटी विकल्या, सुटे पैसे परत दिले, दुधावरची तारीख जुनी असल्याच्या तक्रारी ऐकल्या. आता मालकांच्या परवानगीने पहाटे साडेपाचपर्यंत हेच दुकान त्याचा स्टुडिओ आहे.

आत या. दार ओढून घ्या, पण शटरला हात लावू नका. ते या सिनेमाभर खालीच राहणार आहे.

याचं कारण समजून घ्या, कारण त्याच्या ‘क्लर्क्स’ या सिनेमाचं सगळं बळ त्यात आहे. गोष्ट एका दिवसाची आहे, सकाळपासून रात्रीपर्यंतची. चित्रीकरण मात्र फक्त रात्री करता येतं, कारण दिवसा दुकान खरोखरच चालू असतं. शटर वर केलं तर काचेतून काळोख दिसणार. हाताशी पैसा असता तर बाहेर मोठे दिवे लावून रात्रीचा दिवस करता आला असता. स्मिथकडे तो नाही. म्हणून त्याने पटकथेतच लिहिलं की कुणीतरी कुलपांत च्युइंगगम कोंबलंय आणि शटर उघडत नाही. मग बिचारा डान्टे, गोष्टीचा नायक, एका चादरीवर बूटपॉलिशने लिहितो की दुकान उघडं आहे, खात्री बाळगा, आणि ती चादर बाहेर टांगतो. निर्मितीतली अडचण नायकाच्या गळ्यात पडली आणि त्याच्या फसलेल्या दिवसाची सुरुवात झाली.

वर बघा. ट्यूबलाइटी आहेत, त्यांचा उजेड कोरडा आणि सपाट. फ्रीजमधल्या दिव्यांचा उजेड वेगळा. कॅमेरा सांभाळतोय डेव्हिड क्लाइन. रंगीत फिल्म वापरली तर हे सगळे उजेड एकमेकांशी जुळवत बसावं लागेल, आणि त्यासाठी दिवे, वेळ, पैसा तिन्ही लागतील. म्हणून १६ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म. पुढे लोक म्हणतील की दुकानातल्या कॅमेऱ्यातून बघतोय असं वाटतं. तेच या सिनेमाला शोभतं. बारा-चौदा तास त्याच फळ्यांसमोर उभ्या असणाऱ्या माणसाला त्या पाकिटांचे रंग तसेही दिसेनासे झालेले असतात.

ध्वनीची जबाबदारी स्कॉट मोझियरकडे. तो निर्माताही आहे, पुढे संकलनालाही बसेल, आणि गरज पडली की कॅमेऱ्यासमोरही उभा राहील. स्मिथ, मोझियर आणि क्लाइन भेटले ते व्हँकुव्हर फिल्म स्कूलमध्ये. स्मिथने तो अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडला, कारण उरलेली फी वाचवून तिचा सिनेमा करायचा होता. त्याआधी, १९९१ साली आपल्या एकविसाव्या वाढदिवशी, न्यूयॉर्कच्या अँजेलिका सिनेमागृहात त्याने रिचर्ड लिंकलेटरचा ‘स्लॅकर’ पाहिला होता. ऑस्टिन शहरातली रिकामटेकडी माणसं नुसती बोलत असतात, आणि त्याचाही सिनेमा होतो, हे तिथे त्याला दिसलं.

चित्रीकरणाचा एकूण खर्च येईल २७,५७५ डॉलर. त्यासाठी स्मिथने जमवलेली कॉमिक्स विकली, क्रेडिट कार्डं काठोकाठ वापरली, पुरात गेलेल्या गाडीच्या विम्याचे पैसेही यातच घातले. आज तुम्ही ज्याच्याकडे बघताय तो मुलगा गळ्यापर्यंत कर्जात आहे, आणि दिवसाची नोकरी सोडणं त्याला परवडणारं नाही.

अचानक कुणीतरी तुम्हाला हाताला धरून काउंटरसमोर उभं करतं. माणसं कमी पडताहेत, तुम्ही गिऱ्हाईक व्हा. इथे हे रोजचंच आहे. वॉल्ट फ्लॅनगन नावाचा मित्र एकटाच चार वेगवेगळी गिऱ्हाइकं करतोय. तुमच्या मुठीत सिगारेटी येतात. काउंटरमागे डान्टे, म्हणजे ब्रायन ओहॅलोरन, स्थानिक हौशी रंगभूमीवरचा नट. समोर एक गृहस्थ सिगारेटवाल्यांना भाषण देतोय, आजारी फुप्फुस दाखवतोय, आणि हळूहळू सगळा जमाव काउंटरवरच्या पोरावर उलटवतोय. खुणेसरशी तुम्ही सगळे सिगारेटी भिरकावता. तुमची एक थेट डान्टेच्या छातीवर बसते. तो हात वर करतो, मागे सरकतो, पण काउंटर सोडून जात नाही. जाणार कुठे? तेवढ्यात त्याची मैत्रीण व्हेरोनिका, मॅरिलिन गिग्लिओटी, आग विझवण्याचं नळकांडं घेऊन येते आणि तुमच्यावर पांढरी वाफ सोडते. मग कळतं की भाषण करणारा गृहस्थ च्युइंगगम कंपनीचा विक्रेता आहे. आपला माल खपावा म्हणून त्याने दंगल पेटवली होती.

प्रसंग खदखदून हसवतो. पण तुम्ही आत्ताच त्या माणसावर काहीतरी फेकलंत, ते विसरू नका. तो सिगारेटी बनवत नाही, त्यांचा नफा त्याच्या खिशात जात नाही, आज तर त्याची सुट्टी होती आणि मालकाच्या फोनवर तो धावत आला. तरी बोलणी त्यालाच, कारण समोर तोच आहे. काउंटरच्या त्या बाजूला उभा राहिलेलाच माणूस हा प्रसंग असा लिहू शकतो.

आता जरा बाजूला व्हा, रँडल आलाय. जेफ अँडरसन, स्मिथचा शाळेपासूनचा दोस्त. ही भूमिका स्मिथने स्वतःसाठी लिहिली होती, पण लेखन, दिग्दर्शन, नोकरी आणि इतके संवाद एकट्याला झेपेनात. मग तो स्वतः अंगभर कोट घालून जवळजवळ न बोलणारा सायलेंट बॉब झाला आणि दुकानाबाहेरच्या भिंतीला टेकला, बडबड्या जेच्या शेजारी. जे म्हणजे त्याचा मित्र जेसन म्यूज.

रँडल शेजारचं व्हिडिओचं दुकान वाऱ्यावर सोडून इथे गप्पा मारायला येतो. आजचा विषय ‘स्टार वॉर्स’. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये बंडखोर दुसरा डेथ स्टार उडवतात, पण तो तर अजून बांधून पुरा झाला नव्हता, असं त्याचं म्हणणं. म्हणजे त्यावर प्लंबर असतील, छपरं घालणारे असतील, रोजंदारीवर आलेली माणसं असतील. साम्राज्याशी त्यांचं काय देणंघेणं? ती फुकट मेली. इतक्यात एक गिऱ्हाईक मध्ये बोलतं. तो स्वतः छपरांची कामं घेणारा आहे. तो सांगतो की एका गुंडाच्या घराचं काम त्याच्याकडे आलं होतं, पैसे चांगले होते, पण घरमालक कोण हे ओळखून त्याने नकार दिला. ते काम दुसऱ्याने घेतलं आणि तो गोळीबारात मेला. काम घेताना ते कोणाचं आहे हे बघावंच लागतं, असं तो म्हणतो आणि आपली वस्तू घेऊन निघून जातो.

सगळा सिनेमा मला या दोन-तीन मिनिटांत दिसतो. कंटाळलेली पोरं फालतू विषयावर बोलताहेत असं वाटत असताना बोलणं मजुरीवर, पोटावर आणि सदसद्विवेकावर येऊन पोचतं. पुस्तकी शब्द एकही नाही. भाषा शिवराळ आहे, पण त्या शिव्यांच्या आतला विचार जराही उथळ नाही. ज्यांनी दुकानात, गोदामात, पेट्रोलपंपावर रात्रपाळी केली असेल त्यांना या गप्पांचा वेग लगेच ओळखू येईल.

साडेपाच. केबल गुंडाळायला हात लावा. थोड्या वेळात पहिलं गिऱ्हाईक येईल आणि स्मिथ पुन्हा गल्ल्यावर असेल. या दिवसांत त्याला तासाभराचीच झोप मिळते. २१ दिवस हे असंच चालणार.

पुढे सरका. ऑक्टोबर १९९३, तेच अँजेलिका सिनेमागृह, रविवारची सकाळ. स्वतंत्र चित्रपटांच्या बाजारात ‘क्लर्क्स’ दाखवला जातोय आणि बहुतेक खुर्च्या रिकाम्या आहेत. बसलेल्यांत निम्म्याहून जास्त चेहरे तुम्ही दुकानात पाहिलेत. पण त्यात बॉब हॉक नावाचा एक जाणकार आहे. तो बाहेर पडून लोकांना सांगत सुटतो, आणि बातमी जॉन पियर्सनपर्यंत जाते, जो नवख्यांचे सिनेमे विकून देतो.

तुम्ही आत्ता पाहिलेल्या शेवटात डान्टे मरतो. रात्री दुकान बंद करताना एक दरोडेखोर शिरतो, गोळी घालतो, गल्ला रिकामा करतो. हॉक आणि पियर्सन दोघांनी सुचवलं की हे काढ. स्मिथने काढलं, आणि माझ्या मते या सिनेमाबाबतचा तो सर्वांत शहाणा निर्णय होता. गोळीने डान्टेची सुटका झाली असती. त्याचं खरं दुखणं हे की उद्या पुन्हा यायचं आहे, आणि यायचं की नाही हे ठरवणं त्याच्याच हातात आहे. रँडल त्याला तेच तोंडावर सुनावतो.

जानेवारी १९९४ मध्ये सनडान्स महोत्सवात सिनेमाला फिल्ममेकर्स ट्रॉफी मिळते आणि मिरामॅक्स तो २,२७,००० डॉलरला घेते. मग नवीच अडचण. ना खरा हिंसाचार, ना नग्नता, तरी नुसत्या संवादांसाठी त्याला एनसी-१७ हे सर्वांत कडक प्रमाणपत्र मिळतं. मिरामॅक्स ॲलन डर्शोविट्झ यांना वकील म्हणून उभं करते, अपील जिंकलं जातं, आणि एकही शब्द न कापता सिनेमा आर प्रमाणपत्रावर सुटतो.

१९ ऑक्टोबर १९९४. तिकीट काढा आणि आत बसा. डझनभर बिनचूक अंडी निवडायला बसलेला माणूस येईल, तो वॉल्ट फ्लॅनगन. त्याच्या बाकीच्या तीन भूमिका ओळखता येतात का बघा. आणि नवी तारीख शोधत दुधाचे कॅन एकेक करून उपसणारी बाई दिसली, तर ती केविन स्मिथची आई.